प्राथमिक शाळेचे ग्रंथालय नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयाची जबाबदारी बहुधा अशा शिक्षकाकडे येते, ज्याने ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण घेतलेले नसते आणि ज्याला स्वतःचे वर्गही सांभाळायचे असतात. त्याच्या हाती कपाटाची किल्ली आणि संग्रहात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमांकवार नोंद असलेली जुनी दाखल नोंदवही दिली जाते व मुलांना वाचनाची गोडी लावावी, अशी अपेक्षा व्यक्त केली जाते. हा लेख अशा शिक्षकासाठी आणि शाळेला मदत करू इच्छिणाऱ्या पालकांसाठी व स्वयंसेवकांसाठी आहे.

पुस्तके मिळवणे हे एक काम आणि वाचन वाढवणे हे दुसरे, अशी विभागणी सर्रास केली जाते. माझ्या मते हे काम एकच आहे, कारण जे पुस्तक मुलांच्या हाती जात नाही, ते ग्रंथालयात असून नसल्यासारखेच असते. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील पहिलेच सूत्र पुस्तके वापरासाठी असतात, असे सांगते. पुढच्या सर्व पायऱ्या या एका सूत्राला धरून आहेत, आणि कोठे अडल्यास निर्णयही त्याच्याच आधाराने घ्यावा.

पहिली पायरी : आहे ते पाहणे

नवी पुस्तके मागवण्याआधी कपाट पूर्ण रिकामे करावे. प्रत्येक पुस्तक हातात घेऊन, उघडून पाहावे आणि ठेवायची, दुरुस्त करायची व बाद करायची अशा पुस्तकांचे तीन गठ्ठे करावेत. हे काम कंटाळवाणे वाटले तरी ते दुसऱ्यावर सोपवू नये, कारण संग्रहाशी ओळख होण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही.

बाद करण्याची वेळ आली की नवखा माणूस कचरतो. पुस्तक टाकणे त्याला अनादर वाटते, आणि नोंदवहीतील संख्या कमी झाली तर जाब विचारला जाईल, अशी धास्तीही असते. तरीही ज्यांचा कागद हात लावताच तुटतो, ज्यांची अक्षरे मुलांच्या डोळ्यांना झेपणार नाहीत इतकी बारीक आहेत, जी मोठ्यांसाठी लिहिलेली असून केवळ देणगीतून आली आहेत किंवा ज्यांत एखाद्या समाजाची, अपंग व्यक्तीची वा मुलींची हेटाळणी आहे, अशी पुस्तके बाद केलीच पाहिजेत. माहितीपर पुस्तके विशेष काळजीने तपासावीत. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २००६ मध्ये ग्रहाची व्याख्या निश्चित केल्यावर प्लूटोची गणना बटुग्रहांत होऊ लागली. सूर्यमालेत नऊ ग्रह असल्याचे सांगणारे पुस्तक कपाटात राहिले, तर मूल चुकीची गोष्ट छापील पुराव्यासह शिकते.

पुस्तके बाद करण्याची प्रत्येक व्यवस्थापनाची स्वतःची पद्धत असते आणि ती पाळणे आवश्यक आहे. दाखल क्रमांकांसह यादी करावी, प्रत्येक पुस्तकापुढे कारण लिहावे, मुख्याध्यापकांची लेखी मंजुरी घ्यावी आणि मगच नोंदवहीत तशी नोंद करून पुस्तक वेगळे काढावे. यानंतर कपाट अर्धे रिकामे दिसले, तरी वाईट वाटून घेऊ नये. दाटीवाटीने भरलेल्या कपाटात चांगली पुस्तके जुन्यांच्या गर्दीत हरवलेली असतात. ती मोकळी झाली की मुलांना दिसू लागतात.

दुसरी पायरी : मुलांना ओळखणे

मुलांना काय आवडते हे थेट विचारल्यास, आपल्याला काय ऐकायला आवडेल याचा अंदाज घेऊन ती उत्तर देतात. त्यापेक्षा निरनिराळ्या प्रकारची वीस-पंचवीस पुस्तके सतरंजीवर पसरून मुलांना मोकळे सोडावे आणि काहीही न सुचवता पाहत राहावे. कोणते पुस्तक आधी उचलले जाते, कोणते दोन पाने उलटून खाली ठेवले जाते, कोणत्या पुस्तकाभोवती तीन-चार डोकी एकत्र येतात आणि कोणते मूल एकाही पुस्तकाला हात लावत नाही, हे टिपून ठेवावे. ही टिपणे पुढे खरेदीच्या यादीसाठी फार उपयोगी पडतात.

एकाच वर्गात अक्षरे जुळवत वाचणारी आणि सलग शंभर पाने वाचणारी मुले शेजारी शेजारी बसलेली असतात, त्यामुळे इयत्तेनुसार पुस्तके वाटून देण्याची पद्धत फारशी उपयोगी ठरत नाही. पुस्तक आपल्याला झेपेल का, हे मुलाने स्वतः ठरवावे यासाठी पाच बोटांची युक्ती शिकवता येते. मुलाने मधले एखादे पान वाचायचे आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट उघडायचे. पान संपण्याआधी पाचही बोटे उघडली, तर पुस्तक सध्या एकट्याने वाचायला अवघड आहे. ज्या पानावर दोनच ओळी आहेत, तेथे ही युक्ती चालत नाही, आणि चालते तेथेही ती बंदी ठरू नये. डायनोसॉरचे वेड लागलेले मूल आपल्या कुवतीबाहेरचे पुस्तक चित्रांच्या व मथळ्यांच्या आधाराने वाचत राहते आणि त्यातून पुष्कळ मिळवते.

काही ठिकाणी पुस्तकांवर वाचनपातळीचे आकडे किंवा रंग ठळकपणे चिकटवतात. मुलांपुढे तसे करू नये, असे माझे ठाम मत आहे. मागे पडलेल्या मुलाच्या हातातील रंग साऱ्या वर्गाला दिसतो आणि ते मूल पुस्तक घ्यायलाच टाळू लागते. पातळीची नोंद हवीच असेल, तर ती शिक्षकाच्या वहीत असावी.

मुलांच्या घरच्या भाषेचाही विचार याच टप्प्यावर करावा. शाळेच्या माध्यमाची भाषा आणि घरची भाषा वेगळी असेल, तर घरच्या भाषेतील थोडी तरी पुस्तके संग्रहात हवीत. ती न मिळाल्यास शब्दविरहित चित्रपुस्तके उपयोगी पडतात, कारण त्यांतील गोष्ट कोणत्याही भाषेत सांगता येते.

तिसरी पायरी : पुस्तकांची निवड

निवडीवर जितका वेळ द्यावा तितका थोडाच. पैसे मर्यादित असतात आणि चुकीचे पुस्तक वर्षानुवर्षे जागा अडवून बसते.

पहिली कसोटी मोठ्याने वाचण्याची. पुस्तकाची दोन पाने मोठ्याने वाचून पाहावीत. वाक्ये जिभेवर अडखळत असतील, संवाद कोणी प्रत्यक्षात बोलणार नाही असे असतील किंवा भाषांतर मूळ भाषेच्या वळणावरच चालत असेल, तर मुलांनाही ते जाणवते. दुसरी कसोटी चित्रांची. चांगल्या चित्रपुस्तकात शब्दांनी न सांगितलेले काहीतरी चित्र सांगत असते. मजकुरात कोठेही उल्लेख नसलेले मांजर प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात काही उद्योग करत असेल, तर मूल ते पुस्तक पुन्हा पुन्हा उघडते. मजकुराची निव्वळ नक्कल करणारी चित्रे पाने भरतात, पण पाहण्यासारखे काही देत नाहीत. तिसरी कसोटी तात्पर्याची. गोष्टीतून मूल काही शिकले, तर त्यात गैर काही नाही. मात्र शिकवण आधी ठरवून तिच्याभोवती गोष्ट बेतलेली असली की मुलांना ती चटकन ओळखू येते. अशा पुस्तकांनी भरलेले कपाट मुलांना पाठ्यपुस्तकाचेच दुसरे रूप वाटते, आणि दुर्दैवाने देणगीत याच प्रकारची पुस्तके सर्वाधिक येतात.

प्रकारांचा विचार करताना गोष्टींकडे झुकणारा तोल मुद्दाम सावरावा लागतो. शब्दविरहित पुस्तके, चित्रपुस्तके, मोठ्या टायपातील सोप्या गोष्टी, कविता व बडबडगीते, लोककथा, विनोद आणि कोडी, चित्रकथा, प्रकरणांत विभागलेल्या लहान कादंबऱ्या, चरित्रे, तसेच प्राणी, यंत्रे, शरीर, अवकाश, हस्तकला यांवरील माहितीपुस्तके, असे सारे थोडे थोडे हवे. गोष्टी न आवडणारी मुले असतात. त्यांना वाचनच आवडत नाही असा निष्कर्ष काढण्याआधी त्यांच्या हाती रेल्वे इंजिनांचे किंवा कीटकांचे पुस्तक देऊन पाहावे. चित्रकथांना कमी लेखू नये. चित्र आणि शब्द यांचा एकत्र अर्थ लावत पुढे जाणे हेही वाचनच आहे, आणि जी मुले सलग मजकुराला बिचकतात, ती बऱ्याचदा याच वाटेने आत येतात.

अमेरिकन अभ्यासक रुडाइन सिम्स बिशप यांनी १९९० मधील एका लेखात मुलांच्या पुस्तकांना आरसे, खिडक्या आणि सरकती काचेची दारे म्हटले होते. काही पुस्तकांत मुलाला स्वतःचे घर, भाषा आणि माणसे दिसावीत, तर काहींतून दुसऱ्यांचे जग दिसावे व त्यात पाऊलही टाकता यावे, असा त्यांचा आशय होता. संग्रह तपासताना हा विचार प्रत्यक्ष प्रश्नांच्या रूपाने वापरता येतो. गोष्टींतील मुख्य पात्रे कोण आहेत? मुली केवळ मदतनीस म्हणून येतात का? कष्टकरी घरांतील, एकट्या पालकाची, चाकाची खुर्ची वापरणारी मुले कोठे आहेत, आणि असतील तर त्यांच्या वाट्याला दयेखेरीज काही आले आहे का?

पुरस्कारांच्या याद्यांमुळे सुरुवात सोपी होते. बालसाहित्यासाठीच्या ‘इबी’ या आंतरराष्ट्रीय मंडळातर्फे डॅनिश परीकथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसन यांच्या नावाचा पुरस्कार १९५६ पासून लेखकांना आणि १९६६ पासून चित्रकारांनाही दिला जातो. त्यातून चांगल्या लेखकांची व चित्रकारांची नावे कळतात. मात्र पुरस्कार मोठी माणसे ठरवतात, म्हणून यादीतील पुस्तक घेण्यापूर्वी ते स्वतः वाचावे आणि शक्य असल्यास दोन-चार मुलांना दाखवावे.

प्रतींबाबत एक सूचना. सारी पुस्तके एकेक प्रतीत घेण्यापेक्षा, मुलांना हमखास आवडणाऱ्या काही पुस्तकांच्या चार-पाच प्रती घ्याव्यात. दोन मित्रांनी एकच पुस्तक एकाच आठवड्यात वाचले की ते त्याविषयी आपापसात बोलतात, आणि असे बोलणे हीच पुस्तकाची सर्वांत परिणामकारक शिफारस असते.

चौथी पायरी : पुस्तके मिळवण्याचे मार्ग

शाळेच्या अंदाजपत्रकात ग्रंथालयासाठी काही तरतूद आहे का, हे आधी विचारावे. तरतूद असूनही कोणी मागणी न केल्याने ती पडून राहिली, असेही घडते. मागणी लेखी असावी आणि तिच्यासोबत पुस्तकांची नावे, प्रकाशक, किंमत व प्रत्येक गटाच्या निवडीचे कारण जोडावे. व्यवस्थापनाला पटवून देताना ‘इफ्ला’ या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने व युनेस्कोने १९९९ मध्ये स्वीकारलेल्या शालेय ग्रंथालय जाहीरनाम्याचा आधार घेता येतो. शाळेतील सर्वांना ग्रंथालयाची सेवा समानतेने मिळावी, हे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाशी बोलावे. अनेक ग्रंथालये शाळांना ठरावीक मुदतीसाठी पुस्तकांचा संच देतात. तशी सोय नसेल, तर दोन-तीन शाळांनी मिळून फिरत्या पेट्या सुरू कराव्यात. प्रत्येक शाळेने तीस-चाळीस पुस्तकांची एक पेटी तयार करायची आणि दर दोन महिन्यांनी ती पुढच्या शाळेकडे पाठवायची. पेटीच्या झाकणाच्या आतील बाजूस यादी चिकटवलेली असली, की देताना व घेताना मोजदाद सोपी जाते. कोणताही खर्च न वाढवता मुलांना वर्षातून अनेकदा नवी पुस्तके दिसतात, म्हणून हा मार्ग मला विशेष मोलाचा वाटतो.

देणगी मागताना नेमकेपणा असावा. ‘जुनी पुस्तके द्या’ असे आवाहन केले की लोक घरातील नको असलेली रद्दी आणून देतात आणि ती नाकारणे अवघड होऊन बसते. त्याऐवजी हव्या असलेल्या पुस्तकांची यादी लावावी, आणि दिलेले पुस्तक संग्रहात घ्यायचे की पुढे अन्य संस्थेला द्यायचे हे ग्रंथालय ठरवेल, असे त्या यादीखालीच लिहावे. नेमकी मागणी किती दूरवर पोहोचू शकते, याचे एक मोठे उदाहरण इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन पत्रकार येला लेपमान यांनी अनेक देशांना पत्रे लिहून त्यांच्याकडील उत्तम बालपुस्तके मागवली आणि १९४६ मध्ये म्यूनिक येथे त्यांचे प्रदर्शन भरवले. त्यातून १९४९ मध्ये तेथे आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय उभे राहिले, आणि ‘इबी’ची १९५३ मधील स्थापनाही लेपमान यांच्याच पुढाकाराने झाली.

आता मुक्त परवान्याच्या पुस्तकांविषयी थोडे सविस्तर. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतील सचित्र गोष्टी वाचनपातळीनुसार मांडलेल्या आहेत, आणि त्या वाचता, उतरवून घेता, छापता व भाषांतरितही करता येतात. ‘आफ्रिकन स्टोरीबुक’ आणि एशिया फाउंडेशनचे ‘लेट्स रीड’ ही याच प्रकारची आणखी दोन संकेतस्थळे आहेत. ‘ब्लूम’ या मोफत सॉफ्टवेअरच्या साह्याने आपल्या भाषेत साधी पुस्तके तयार करता येतात, आणि इतरांनी तयार केलेली पुस्तके त्याच्या संग्रहातून घेता येतात. १९७१ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’वर स्वामित्वहक्काची मुदत संपलेली जुनी पुस्तके मिळतात, तर २००५ पासून चालणाऱ्या ‘लिब्रिवॉक्स’वर अशा पुस्तकांची स्वयंसेवकांनी केलेली ध्वनिमुद्रणे असतात. या शेवटच्या दोहोंत इंग्रजीचा भरणा मोठा आहे आणि जुन्या काळातील पूर्वग्रहही जागोजागी आढळतात, म्हणून आधी स्वतः वाचल्या-ऐकल्याखेरीज ते साहित्य मुलांना देऊ नये.

महाजालावर फुकट सापडणारी प्रत्येक पीडीएफ कायदेशीर असते, हा समज चुकीचा आहे. पुस्तकाच्या सुरुवातीच्या किंवा शेवटच्या पानावर क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना आहे का, ते पाहावे. त्यातील ‘बीवाय’ म्हणजे मूळ निर्मात्यांची नावे देणे बंधनकारक, ‘एनसी’ म्हणजे व्यावसायिक वापरास मनाई, ‘एनडी’ म्हणजे बदल करून वाटण्यास मनाई आणि ‘एसए’ म्हणजे बदललेली आवृत्ती त्याच परवान्याखाली देणे आवश्यक. शाळेत छापून मुलांना वाचायला देण्यास यांपैकी कोणतीही अट सहसा आड येत नाही, परंतु भाषांतर करायचे असेल, तर ‘एनडी’ असलेले पुस्तक परवानगीवाचून घेता येत नाही.

छापील प्रत करताना ए-फोर कागद आडवा धरून त्याच्या प्रत्येक बाजूवर दोन पाने छापावीत आणि कागद मधोमध दुमडून घडीवर दोन पिना माराव्यात. एका कागदाची चार पाने होत असल्याने एकूण पृष्ठसंख्या चारच्या पटीत बसवावी लागते. उरलेली पाने मुलांच्या चित्रांसाठी कोरी सोडता येतात. मुखपृष्ठ जाड कागदावर छापल्यास प्रत बरीच टिकते.

शेवटचा मार्ग मुलांनी लिहिलेल्या पुस्तकांचा. वर्गाने मिळून रचलेली गोष्ट, आजीने सांगितलेली कहाणी किंवा शाळेभोवतीच्या पक्ष्यांची नोंदवही नीट शिवून, दाखल क्रमांक देऊन इतर पुस्तकांच्या बरोबरीने मांडावी. आपले पुस्तक कोणी घरी नेले, हे पाहण्यासाठी लिहिणारी मुले देवघेवीची वही रोज उघडून पाहतात.

पाचवी पायरी : नोंदणी आणि मांडणी

दाखल नोंदवहीत क्रमांक, दिनांक, शीर्षक, लेखक, चित्रकार, प्रकाशक, भाषा, किंमत व मिळाल्याचा स्रोत एवढे रकाने पुरेसे आहेत. संगणक असल्यास हीच माहिती तक्त्यातही भरावी. ‘कोहा’सारखी मुक्त ग्रंथालय-प्रणाली उत्तम आहे, पण ती बसवणे आणि चालू ठेवणे यासाठी जाणकार माणूस लागतो, काही शे पुस्तकांच्या संग्रहाला तिची गरज नसते.

मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेली, विषयांना क्रमांक देणारी दशांश वर्गीकरण पद्धती माहितीपुस्तकांपुरती आणि तीही ढोबळ स्वरूपात वापरावी : ५०० विज्ञान, ६०० तंत्रज्ञान, ७०० कला व खेळ, ९०० इतिहास आणि भूगोल. लोककथांचा ३९८.२ हा वर्गांक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण मोठ्या मुलांना तो शोधण्यात मजा वाटते. गोष्टींच्या पुस्तकांच्या कण्यावर विषय दाखवणाऱ्या रंगीत पट्ट्या लावल्या, की लहान मुलेही पुस्तक परत जागेवर ठेवू शकतात.

मांडणी ही वर्गीकरणापेक्षा महत्त्वाची आहे. शाळेतील सर्वांत लहान मुलाचा हात पोहोचेल, तेवढीच उंची वापरावी. वाचायला न येणाऱ्या मुलाला कण्यावरील नावाचा काहीच उपयोग नसतो, म्हणून शक्य तितकी पुस्तके मुखपृष्ठ समोर करून ठेवावीत. भिंतीला लाकडी पट्ट्या, दोरीवर चिमटे किंवा उथळ टोपल्या यांनी हे साधते. काचेचे दार आणि कुलूप यांचा वापर फक्त सुटीत व्हावा. ग्रंथालयाला स्वतंत्र खोली नसेल, तर प्रत्येक वर्गात एक टोपली ठेवून तिच्यातील पुस्तके दर पंधरवड्याला बदलावीत.

सहावी पायरी : रोजचे वाचन

आठवड्याचा एक वाचनतास चांगलाच, पण रोजच्या पंधरा मिनिटांचा परिणाम त्याहून अधिक होतो. ही पंधरा मिनिटे मुख्याध्यापकांशी बोलून वेळापत्रकात छापून घ्यावीत, म्हणजे ती इतर कामांच्या तोंडी जात नाहीत.

सर्वांत आधी शिक्षकाने मोठ्याने वाचून दाखवावे, आणि मुले स्वतः वाचू लागल्यावरही हा क्रम सोडू नये. मूल स्वतः वाचू शकते त्यापेक्षा अवघड भाषा ते ऐकून समजू शकते, त्यामुळे श्रवणातून त्याच्याकडे असे शब्द व अशी वाक्यरचना येते, जी त्याला एरवी भेटली नसती. पुस्तक आदल्या दिवशी एकदा वाचून ठेवावे. मुखपृष्ठ दाखवून लेखकाचे व चित्रकाराचे नाव सांगावे, चित्र सर्वांना दिसेल असे पुस्तक धरावे, पान उलटण्याआधी क्षणभर थांबावे. आवाजाचे नाटकी चढउतार जमले नाहीत तरी चालते. घाई मात्र चालत नाही.

ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये संवादी वाचनाची एक पद्धत अभ्यासून मांडली. तीत मोठे माणूस सगळी गोष्ट स्वतःच सांगत सुटत नाही. ते मोकळा प्रश्न विचारते, मुलाच्या उत्तरात एक-दोन शब्दांची भर घालून ते परत म्हणते आणि मुलाला अधिक बोलू देते. चित्रातील कुत्र्याकडे बोट दाखवून मूल ‘कुत्रा पळतोय’ म्हणाले, तर ‘हो, काळा कुत्रा पावसातून पळतोय; कशामुळे बरे?’ असे म्हणावे. मात्र हे तंत्र लहान गटासाठी आणि दुसऱ्या-तिसऱ्या वाचनासाठी राखावे. पहिल्या वाचनात प्रत्येक पानावर प्रश्न विचारले, तर गोष्टीची लय मोडते.

त्यानंतर मौनवाचन. या वेळेत शिक्षकानेही स्वतःचे पुस्तक वाचावे, वह्या तपासू नयेत. मुलाने निवडलेले पुस्तक अर्धवट सोडून दुसरे घेतले, तर त्याला टोकू नये. वाचून झाल्यावर सारांश, तात्पर्य किंवा प्रश्नोत्तरे लिहायला लावू नयेत. काय समजले हे तपासण्यासाठी इतर तास आहेत, आणि पुस्तकामागून हमखास लेखनाचे काम येते असे दिसले, की मूल पातळ पुस्तके निवडू लागते.

बक्षिसांविषयी सावध राहावे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतील काही मुलांना चित्रासाठी प्रमाणपत्र मिळेल, असे आधीच सांगितले होते. पुढे मोकळ्या वेळेत ही मुले, काहीच न मिळालेल्या किंवा अचानक प्रमाणपत्र मिळालेल्या मुलांपेक्षा, चित्रकलेत कमी रमली. तो प्रयोग चित्रकलेचा होता, पण सर्वाधिक पुस्तके वाचणाऱ्याला बक्षीस देण्यापूर्वी प्रत्येक शिक्षकाने तो आठवावा. अशा स्पर्धेत जिंकणारी मुले बहुधा आधीपासूनच वाचणारी असतात, आणि ज्यांच्यासाठी खटाटोप करायचा ती पहिल्याच आठवड्यात बाजूला पडतात. बक्षीस द्यावेसेच वाटले, तर नवे आलेले पुस्तक सर्वांत आधी घरी नेण्याचा मान द्यावा.

याउलट मुलांनी एकमेकांना पुस्तके सुचवणे फार उपयोगी पडते. रोज एका मुलाने उठून एका पुस्तकाविषयी दोन-तीन वाक्ये बोलावीत आणि शेवट सांगू नये, एवढाच नियम ठेवावा. मोठ्या इयत्तेतील मुलांची लहानांशी जोडी लावून आठवड्यातून एकदा त्यांना वाचून दाखवायला सांगावे. वाचनात मागे राहिलेल्या पाचवीच्या मुलाला पहिलीसाठी वाचण्याची तयारी करताना सोपे पुस्तक अनेकदा वाचावे लागते. त्याला हवा असलेला सराव यातून सन्मानाने होतो, कारण सोपे पुस्तक हातात असण्याचे कारण सर्वांना ठाऊक असते.

२ एप्रिल हा अँडरसन यांचा जन्मदिन असून तो १९६७ पासून आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन म्हणून पाळला जातो. २३ एप्रिल हा जागतिक पुस्तक व स्वामित्वहक्क दिन आहे. या दिवशी प्रदर्शन भरवावे, लेखकाला किंवा चित्रकाराला बोलवावे. पण कार्यक्रमाच्या तयारीसाठी रोजचे वाचन बंद पडणार असेल, तर कार्यक्रम लहान करावा.

सातवी पायरी : पुस्तक घरी जाऊ देणे

देवघेवीसाठी प्रत्येक वर्गाची एक वही ठेवावी आणि तीत मुलाने स्वतः दिनांक, दाखल क्रमांक व आपले नाव लिहावे. लिहिता न येणाऱ्यांसाठी मोठी मुले मदतनीस असावीत.

पुस्तक हरवेल या भीतीने ते घरी न देणाऱ्या शाळा पुष्कळ आहेत. काही पुस्तके हरवतील आणि काही फाटतील, हे आधीच मान्य करून वार्षिक खरेदीत त्यांच्या बदलीची तरतूद करावी. लहान मुलांना दंड करू नये. दंड भरणे ज्या घराला जड जाते, त्या घरातील मूल पुन्हा पुस्तक नेत नाही. भिजलेली पाने सावलीत, मध्ये कोरे कागद घालून वाळवावीत आणि मग वजनाखाली ठेवावीत. फाटलेल्या पानाला पारदर्शक चिकटपट्टी लावू नये, कारण ती काही वर्षांत पिवळी पडते आणि तिचा चिकटा कागदात उतरतो. पातळ कागदाची पट्टी आणि थोडा पांढरा डिंक यांनी केलेली दुरुस्ती अधिक टिकते.

पालकांना लिहिता-वाचता येत नसले, तरी घरी वाचनाला साथ मिळू शकते, हे त्यांना पहिल्याच सभेत सांगावे. मुलाने वाचलेले ऐकणे, चित्र पाहून स्वतःच्या भाषेत गोष्ट सांगणे, ‘मग पुढे काय झाले?’ असे विचारणे एवढे पुरते. ते कसे करायचे, हे एखादे शब्दविरहित पुस्तक हातात घेऊन सभेतच करून दाखवावे.

आठवी पायरी : मोजणे आणि सोपवणे

अहवालात बहुधा एकूण पुस्तकांची संख्या विचारली जाते. ती द्यावीच, पण स्वतःसाठी दर महिन्याला दोन गोष्टी पाहाव्यात : कोणत्या मुलाने एकही पुस्तक नेले नाही, आणि कोणते पुस्तक अनेक महिने कोणीच उचललेले नाही. पहिल्या यादीतील मुलांशी शिक्षकाने स्वतः जाऊन बोलावे व त्यांच्यासाठी दोन-तीन पुस्तके बाजूला काढून ठेवावीत. दुसऱ्या यादीतील पुस्तके पुढच्या बाजूस मांडून, वर्गात त्यांतील एखादे पान वाचून दाखवून पाहावे. त्यानंतरही ती तशीच राहिली, तर ती फिरत्या पेटीतून दुसऱ्या शाळेकडे पाठवावीत.

शिक्षकाची बदली झाली की ग्रंथालय पुन्हा कुलुपात जाते, हा या कामातील सर्वांत मोठा धोका आहे. म्हणून दुसऱ्या शिक्षकाला आणि वरच्या इयत्तेतील काही मुलांना सुरुवातीपासून सोबत घ्यावे, आणि एक हस्तांतरण वही ठेवावी. दाखल नोंदवही कोठे आहे, फिरती पेटी कोणत्या शाळेकडे आहे, सार्वजनिक ग्रंथालयाचा संच कधी परत करायचा आहे, कोणत्या पुस्तकांची मागणी मंजुरीसाठी पाठवली आहे आणि कोणते मूल सध्या कोणत्या प्रकारच्या पुस्तकांत रमले आहे, हे तीत दर महिन्याच्या अखेरीस लिहावे, आणि वहीची जागा मुख्याध्यापकांनाही दाखवून ठेवावी.